कपाशीचं वावर चालवणारी माय

यवतमाळ जिल्ह्यातली कोरडवाहू शेती हा घराचा धंदा आहे आणि असंख्य घरांत तो बाई चालवते. कुठे नवरा गेलेला असतो, कुठे आजारी, कुठे कामासाठी बाहेरगावी. कुठे तो घरातच असतो, पण उधारीचा हिशेब तिच्याच तोंडी असतो. सून म्हणून विशीत ती वावरात उतरते आणि सत्तरी उलटली तरी वावर सुटत नाही. मधल्या काळात लेकरांची शाळा, लेकींची लग्नं, सासऱ्यांचं औषधपाणी हे सगळं याच कापसावर निघतं. तरी ‘शेतकरी कोण’ असं विचारलं की गाव पुरुषाचं नाव सांगतं.

तिच्या वर्षातला पहिला मोठा निर्णय मृगात येतो. पाऊस पडला की शेजारचे पेरायला लागतात. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असं कृषी विभाग सांगतो. घाई केली आणि पावसानं ताण दिला, तर उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. बियाणं बहुधा कृषी केंद्रातून उधारीवर आणलेलं असतं, म्हणजे तीच उधारी दुप्पट होते. फुलीवर सरकी टोबणं हे बायांचं काम. दर सहा-आठ तासांमागे (ओळींमागे) तुरीचं एक तास घातलं जातं. कापूस दगा देईल त्या वर्षी घरात निदान डाळ राहावी आणि थोडी विकता यावी, यासाठी माय तुरीचा आग्रह सोडत नाही. या आग्रहानं अनेक घरं तरली आहेत.

पुढे डवरणी, निंदण, खत आणि फवारणी. फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर असला तरी ड्रमात पाणी बाई ओतते आणि औषधाने भिजलेले कपडे तीच धुते. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. धोका पंपाजवळ थांबत नाही, तो धुण्याच्या दगडापर्यंत येतो. ही गोष्ट अजून पुरेशी बोलली जात नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटतात. पहिल्या वेचणीला वावरातच दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. मग खरं काम सुरू होतं. दव वाळल्यावर कमरेला ओटी बांधून बाया एकेक तास धरतात. बोंडातल्या सगळ्या पाकळ्या बोटांच्या टोकांनी एका ओढीत काढायच्या, वाळका पाला चिकटू द्यायचा नाही आणि किडीनं धरलेली कवडी वेगळी ठेवायची. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडांना टोचून बोटं सोलतात. मजुरी किलोवर असते, त्यामुळे वेचणाऱ्या बाईला वेग हवा असतो आणि मालकिणीला स्वच्छ कापूस. हा ताण बांधावरून हाका मारून मिटत नाही. म्हणून जाणती माय स्वतः एक तास धरून बायांबरोबर वेचते. तिची ओटी पाहून बाकीच्यांचा हात आपोआप जपून चालतो. संध्याकाळी काटा लागतो, प्रत्येकीचं वजन वहीत चढतं आणि घरातली एक खोली हळूहळू कापसानं भरत जाते.

पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस सरस असतो, शेवटचा कमजोर. दोन्ही मिसळले की सगळ्याच ढिगाचा भाव पडतो, म्हणून गंज्या वेगळ्या लावतात. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरते ती मुख्यतः सरकी. व्यापारी ढिगात हात घालतो तेव्हा हा उतारा तो मनातल्या मनात मोजत असतो. हे मायेलाही ठाऊक असतं.

विकायचं कधी आणि कुणाला, हा वर्षातला दुसरा मोठा निर्णय. खेडा खरेदीचा व्यापारी दारात येऊन रोख देतो, पण भाव कमी देतो. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर हमीभाव मिळतो. लांब धाग्याच्या कापसाला २०२४-२५ साठी तो क्विंटलला ७,५२१ रुपये होता. मात्र ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. शिवाय पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. वर्षभर राबणारी बाई अडते ती इथे. सातबारा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असेल, तर पैसे त्याच्या खात्यात जातात. पीककर्जाचंही तेच.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली ती याचसाठी: नवऱ्यानं आपण होऊन जमीन बायकोच्या नावे करावी. १९९२ मध्ये राज्य सरकारनंही सातबाऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याची योजना आणली. विधवेचा हक्क तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच स्पष्ट आहे, ती पहिल्या वर्गातली वारस आहे. पण हक्क असणं आणि फेरफार मंजूर होणं यांत कित्येकदा वर्षं जातात. जमीन सासऱ्याच्याच नावावर राहिली असेल, तर वाट आणखी लांबते.

शेतकरी नवरा गमावलेल्या बायांपैकी एक, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करून लेकरं वाढवणारी ही बाई त्या मंचावर एकल शेतकरी स्त्रियांच्या वतीनं उभी होती.

साठीनंतर निंदणाला वाकणं जमत नाही, तेव्हा मायेचं काम बदलतं. ती घरी बसून कवडी निवडते, तुरीचं बियाणं राखेत घोळून ठेवते, मजुरांचे पैसे मोजते. मुलं वाटणी मागतात. लेकींकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायची रीत अजून आहे. काही माया त्याला नकार देतात आणि लेकीचंही नाव लावायला सांगतात. काहीजणी वाटणीत एक-दोन एकर स्वतःच्या नावावर राखून ठेवतात. त्या तुकड्यात काय पेरायचं ते त्या ठरवतात, आणि त्याचा पैसा त्यांच्या खात्यात येतो.