आठवा बिट

मी कवी माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. त्यामुळे संगणकात कार्ड कसं बसवावं हे मी सांगू लागलो की आधी घरातली मंडळीच हसतात. पण गरज पडली की माणूस शिकतो. माझी गरज काय होती, ते आधी सांगतो.

आम्ही कोकणातले मुसलमान. आमच्या घरात आईला आईच म्हणत. पहाटे जात्यावर बसली की ती ओव्या म्हणायची, आणि मी त्या वहीत लिहून घ्यायचो. १९९२ साली मी चिपळूणच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. तिथे एक २८६ संगणक होता. त्यात पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड होतं, म्हणून पडद्यावर देवनागरी उमटायची. काम आटोपलं की मी वहीतल्या ओव्या त्यात उतरवायचो. सहाशेच्या वर झाल्या. आई १९९७ साली गेली. वही घरात होती, म्हणून संगणकाची आठवण कुणी ठेवली नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला आणि वहीचा लगदा झाला.

छापखाना केव्हाच बंद पडला होता. पण मालकांच्या घरी, माळ्यावर, तो संगणक गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. त्याची बॅटरी मेलेली होती, त्यामुळे हार्ड डिस्कचा प्रकार-क्रमांक तो विसरला होता. मालकांनी मात्र तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या आत चिकटवला होता. तो भरल्यावर संगणक सुरू झाला आणि पडद्यावर ओव्या दिसल्या. प्रश्न होता त्या बाहेर काढायच्या कशा? फ्लॉपीच्या खणाला बुरशी लागलेली. हार्ड डिस्क जुन्या एमएफएम पद्धतीची, तिची वायर आजच्या यंत्राला लागतच नाही. पाठीमागे एक सीरियल पोर्ट होतं, तेही जळालेलं. माझा भाचा म्हणाला, “मामू, दुसरं सीरियल कार्ड बसवू या.”

सीरियल म्हणजे एकामागून एक. आपल्याकडे वहाळावर साकव असतो, त्यावरून माणसं एकेक करून जातात, तसं. संगणकाच्या पोटात एका अक्षराचे आठ बिट आठ तारांवरून बरोबर चालतात. कार्डावरची यूएआरटी नावाची चिप त्यांना रांगेत उभं करते, रांगेच्या पुढे ‘सुरू’चा आणि मागे ‘संपलं’चा एकेक बिट लावते आणि एकाच तारेवरून सोडते. पलीकडची चिप रांग मोडून पुन्हा अक्षर बनवते. या जोडणीचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. तारेवर ३ ते १५ व्होल्ट धन असले तर शून्य, तेवढेच ऋण असले तर एक, इतका साधा व्यवहार. म्हणूनच तो टिकला. सीएनसी यंत्रं आणि वजनकाटे आजही ही भाषा बोलतात.

आता कार्ड बसवणं. आधी वीज बंद करून प्लग काढायचा. मग हाताने खोक्याच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. नाहीतर तेवढ्यानेही चिप मरते. कार्ड कडेला धरायचं, खालच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही. पट्ट्या काळवंडल्या असतील तर शाळेतल्या खोडरबराने पुसाव्यात. खाचेत ते सरळ, दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसवायचं आणि मागचा स्क्रू घट्ट करायचा. हे झालं हाताचं काम. खरं काम त्याच्या आधीचं, जंपरचं.

जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी प्लॅस्टिकची इवलीशी टोपी. या टोप्या कार्डाला दोन गोष्टी सांगतात : पत्ता आणि घंटा. पत्त्यावर संगणक माल पोचवतो. माल आला की कार्ड आपली घंटा वाजवतं, तिला आयआरक्यू म्हणतात. कॉम-१ चा पत्ता ३एफ८, घंटा ४. कॉम-२ चा पत्ता २एफ८, घंटा ३. कॉम-३ आणि कॉम-४ यांचे पत्ते वेगळे असले तरी घंटा रिवाजाने त्याच, ४ आणि ३. एकाच घंटेवर दोन घरं असली की दार कुणी उघडायचं हा घोळ होतो. जुन्या चिपला एका वेळी एकच अक्षर सांभाळता येतं, त्यामुळे घंटा चुकली तर अक्षर गेलं. पुढच्या १६५५०ए चिपमध्ये सोळा अक्षरांचा साठा आला, तेव्हा ही धावपळ कमी झाली.

आमचं पहिलं चुकलं ते इथेच. कार्ड कॉम-१ वर लावलेलं होतं आणि ते जळालेलं पोर्टही त्याच पत्त्यावर बसून होतं. मेलं तरी पत्ता सोडलेला नव्हता. एका पत्त्यावर दोघे, म्हणून कुणीच उत्तर देईना. जंपर कुठे होते त्याचं चित्र कागदावर काढून ठेवलं आणि मग ते कॉम-२ वर आणले. हे चित्र काढायला विसरू नये, माघारी जायची वाट तीच असते.

केबलही उलटसुलट लागते. नऊ पिनांच्या जोडात दोन नंबर ऐकतो आणि तीन नंबर बोलतो. दोन संगणक समोरासमोर बसवायचे तर एकाचा दोन दुसऱ्याच्या तीनला जोडावा लागतो, नाहीतर दोघेही बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. पलीकडे भाच्याचा लॅपटॉप होता, त्याला यूएसबीचा परिवर्तक लावला.

जुन्या संगणकावर वेग ९६०० ठेवण्याची आज्ञा दिली, लॅपटॉपवर तेच जुळवलं आणि फाईल सोडली. लॅपटॉपवर नुसता कचरा आला. इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं. भाचा म्हणाला, “मामू, फाईल खराब झालीय.” माझ्या पोटात गोळा आला.

फाईल खराब नव्हती. डॉसच्या मोड आज्ञेत नुसता वेग सांगितला तर डॉस स्वतःच सात बिट धरतो. इंग्रजीला सात पुरतात. इस्की या भारतीय संकेतात मात्र आपली अक्षरं १२८ च्या वरच्या क्रमांकांवर आहेत, आणि १२८ म्हणजेच आठवा बिट. तो गळला की प्रत्येक अक्षरातून १२८ वजा होतात. ‘क’ चा क्रमांक १७९, उरले ५१, म्हणजे इंग्रजी ३. ‘आ’ १६५ आणि ‘ई’ १६७. त्यांचे झाले ३७ आणि ३९, म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि इंग्रजी लोपचिन्ह. त्या कचऱ्यात ही जोडी पानोपानी होती. आईची ओवीच ती, ‘आई’ हा शब्द येणारच.

मग पुरी आज्ञा दिली : कॉम-२, वेग ९६००, पॅरिटी नाही, बिट आठ, शेवटचा बिट एक. लॅपटॉपवरही तसंच. एका अक्षरामागे पुढचा-मागचा धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. फाईल साधारण ९६ हजार अक्षरांची, म्हणून शंभर सेकंद लागले. या वेळी पडद्यावर चिन्हं वेगळी आली, पण आठही बिट शाबूत होते. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली असल्यामुळे रूपांतर सोपं गेलं. भाच्याने ते केलं आणि पहिली ओवी वाचून दाखवली. त्याने आजीला पाहिलेलं नाही.

त्याच रात्री त्या फाईलच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या. एक कागदावरही छापली. तुमच्याही माळ्यावर असं एखादं यंत्र असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा उघडून पाहा, एवढंच सांगायचं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)