तातडीची गर्भनिरोधक गोळी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीला गर्भपाताच्या गोळ्यांच्या पंक्तीत बसवणे हा या विषयातील सर्वांत रूढ गैरसमज असून, बाकीचे बहुतेक गैरसमज त्याच्याच पोटी जन्मलेले आहेत. संबंध आला की लगेच गर्भ राहतो, ही मूळ समजूतच चुकीची आहे. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, तर अंडाशयातून सुटलेले बीज जेमतेम एक दिवस टिकते. त्यामुळे पुष्कळदा संबंध आधी घडतो आणि बीज नंतर सुटते. गोळीचे काम चालते ते या मधल्या काळात. तिच्यातील १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखे काम करणारे कृत्रिम औषध, बीज सोडण्याचा पीयूषिका ग्रंथीचा संकेत रोखते किंवा लांबवते. तो संकेत एकदा सुटला की गोळीचा फारसा उपयोग होत नाही. आधीच राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि त्याला अपायही करत नाही.

गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल ही सर्वस्वी निराळी औषधे असून, ती १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याच्या चौकटीत डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. ‘अनवाँटेड-७२’ ही तातडीची गोळी आणि ‘अनवाँटेड किट’ ही गर्भपाताची औषधे, अशी जवळजवळ सारखी नावे बाजारात असल्याने घोळ वाढतो, आणि हा घोळ धोक्याचा आहे.

बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हा, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तर १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी केंद्रे उघडली. मुंबई आणि म्हैसूर असे हे दोन्ही वारसे लाभलेल्या बेळगावच्या सीमाभागात हा विषय आजही कुजबुजीत राहावा, हे खेदजनक आहे. २००५ पासून ही गोळी चिठ्ठीविना मिळते, त्यामुळे बेळगावजवळच्या सांबरा गावातील स्त्रीला त्यासाठी शहरातील डॉक्टरांची चिठ्ठी आणावी लागत नाही, आणि तिचे लग्न झाले आहे का, हे विचारण्याचे मेडिकलवाल्याला काही कारण नाही. सरकारी योजनेतील ‘इझी पिल’ आशा कार्यकर्त्यांमार्फतही पुरवली जाते.

गोळी घेण्यासाठी सांगितलेली संबंधानंतरची बहात्तर तासांची मुदत ही वाट पाहण्याची मुभा नव्हे. जितका उशीर, तितका परिणाम कमी. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून बसवून घेतलेली तांबी गोळीपेक्षा अधिक खात्रीची असते. क्षयावरील रिफॅम्पिसिन चालू असल्यास गोळीचा प्रभाव घटतो, म्हणून अशा स्त्रीने तांबीचाच विचार करावा. गोळीने वंध्यत्व येते, ही भीती निराधार आहे. मळमळ, डोकेदुखी किंवा पाळी थोडी पुढे-मागे होणे एवढाच त्रास सहसा होतो, आणि दोन तासांत उलटी झाल्यास गोळी पुन्हा घ्यावी लागते. पुढील संबंधांना मात्र तिचे संरक्षण नाही. उलट बीज सुटणे लांबणीवर पडल्याने त्याच महिन्यात नंतर गर्भ राहू शकतो, म्हणून निरोध किंवा अन्य साधन लगेच वापरावे आणि पाळी आठवड्याहून अधिक लांबल्यास गर्भचाचणी करून घ्यावी.