संकलनातील ‘मीडिया ऑफलाइन’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना प्रोजेक्ट उघडल्यावर चित्राच्या जागी लाल पडदा आणि त्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ ही अक्षरे दिसली, की चित्रण पुसले गेले असा निष्कर्ष बहुधा लगेच काढला जातो. क्लिप सॉफ्टवेअरमध्ये ‘घेतली’ म्हणजे तिची प्रत प्रोजेक्टच्या पोटात जाऊन बसली, ही समजूत त्यामागे असते आणि ती चुकीची आहे. अडोबी प्रीमिअर प्रो, दा विंची रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्ह यांतला प्रोजेक्ट ही वस्तुतः एक नोंदवही असते. कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे, तिच्यातला भाग कितव्या फ्रेमपासून कितव्या फ्रेमपर्यंत घेतला आणि त्याच्या रंगावर व ध्वनीवर कोणते संस्कार केले, हे तीत लिहिलेले असते. चित्र तीत नसतेच. शेकडो गीगाबाइट चित्रणाचा प्रोजेक्ट काही मेगाबाइटांत मावतो तो यामुळेच. फायनल कट प्रो हा अंशतः अपवाद आहे, कारण त्यात मूळ फाइल लायब्ररीत उतरवून घ्यावी की होती तेथेच राहू द्यावी, हे संकलकाला ठरवता येते.

चित्रण एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे ही रचना सॉफ्टवेअर कंपन्यांची चूक आहे, असेही पुष्कळांना वाटते. पण ती संगणकाहून जुनी आहे. फिल्मच्या काळात संकलक निगेटिव्हला हात न लावता तिच्या पॉझिटिव्ह प्रतीवर कात्री चालवीत आणि फिल्मच्या कडेला छापलेल्या क्रमांकांवरून निगेटिव्ह नंतर जुळवली जाई. व्हिडिओ टेपच्या काळात हलक्या प्रतीच्या टेपवर, स्वस्त यंत्रावर होणाऱ्या कच्च्या संकलनाला ‘ऑफलाइन’ म्हणत आणि त्यातून तयार झालेली टाइमकोडची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेल्या तास-मिनिट-सेकंद-फ्रेम क्रमांकाची यादी महागड्या ‘ऑनलाइन’ कक्षात नेऊन मूळ टेपवरून अंतिम प्रत काढली जाई. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या ॲव्हिडने ही विभागणी संगणकात आणली. आजच्या लाल पडद्यावरचा ‘ऑफलाइन’ शब्द त्या परंपरेतला असून, त्याचा अर्थ ‘नष्ट’ असा नाही.

फाइल जागेवरून हलवली नाही म्हणजे तिचा प्रोजेक्टशी असलेला दुवा तुटणार नाही, हा भरवसाही पुरेसा नाही. विंडोजमध्ये बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कला मिळणारे अक्षर बदलू शकते. काल ‘ई’ असलेली डिस्क आज ‘एफ’ झाली, तर आतली एकही फाइल न हलता सगळे पत्ते चुकतात. अशा वेळी क्लिप एकेक शोधत बसण्यापेक्षा डिस्क व्यवस्थापनात जुने अक्षर परत देणे सोपे. मॅकवर हीच अडचण डिस्कचे नाव बदलल्याने येते. देवनागरी नावांच्या बाबतीत आणखी एक बारीक खोड आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावे दुसऱ्या रीतीने साठवते आणि विंडोज दोन्ही रूपांना एक मानत नाही. त्यामुळे लग्नाच्या चित्रणाचा ‘वऱ्हाड’ नावाचा फोल्डर मॅकवरून विंडोजवर गेल्यास डोळ्यांना नाव तेच दिसते, पण सॉफ्टवेअरला ते सापडेलच असे नाही. फोल्डरना साध्या रोमन अक्षरांत नावे देण्याची स्टुडिओंतली सवय म्हणूनच अनाठायी म्हणता येत नाही.

सर्वांत घातक गैरसमज मात्र ‘चित्रण पुसले गेले’ या समजुतीच्या उलट टोकाचा आहे: त्याच नावाची फाइल जोडली आणि लाल पडदा गेला, की दुरुस्ती झाली. अनेक कॅमेऱ्यांत क्लिपचे क्रमांक नव्या कार्डावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्यामुळे हळदीच्या आणि रिसेप्शनच्या कार्डावर ‘सी०००१’ याच नावाच्या दोन वेगळ्या क्लिप असणे अगदी शक्य आहे. प्रीमिअरच्या पुनर्जोडणीच्या चौकटीत नावाबरोबर आरंभीचा टाइमकोडही जुळवण्याची सोय आहे, ती याचसाठी. परंतु मोबाइलवरच्या बहुतेक क्लिपांचा टाइमकोड शून्यापासूनच धरला जात असल्याने तेथे तिचा उपयोग होत नाही. केडेनलाइव्ह फाइलच्या मजकुरावरून काढलेला अंकीय ठसाही नोंदवून ठेवते, त्यामुळे नाव बदललेली क्लिपही ते ओळखू शकते. ही पद्धत नावावर विसंबण्यापेक्षा निःसंशय शहाणपणाची आहे. शिवाय मूळ क्लिपऐवजी दुसऱ्या फ्रेमदराची रूपांतरित प्रत जोडली, तर चित्र दिसते पण कापलेल्या जागा सरकतात. लाल पडदा निदान प्रामाणिक असतो. चुकीची जोडणी गप्प बसते आणि ग्राहकाकडे गेल्यावर बोलते.

फाइल जागेवर असूनही ऑफलाइन दिसत असेल, तर एचईव्हीसीसारखी संकोचन-पद्धत त्या संगणकाला वाचता येत नसेल किंवा क्लाउडच्या फोल्डरात केवळ नाव उरून मजकूर सर्व्हरवर असेल. कॅशे, म्हणजे सॉफ्टवेअरने कामापुरती केलेली तात्पुरती साठवण, पुसल्याने मात्र मूळ चित्रण जात नाही. सॉफ्टवेअर ती पुन्हा तयार करते.

ऑफलाइन अवस्थेत प्रोजेक्ट उघडला म्हणून संकलन बिघडत नाही. दुवा जुळताच प्रत्येक काप आपल्या जागी परत येतो. बिघडते ते लाल क्लिप निरुपयोगी समजून बिनमधून काढून टाकल्याने, कारण तिच्याबरोबर टाइमलाइनवरचे तिचे तुकडेही जाऊ शकतात. आपोआप होणाऱ्या सेव्हला बॅकअप मानणेही तितकेच फसवे आहे, कारण त्यात नोंदवहीच्याच प्रती साठतात. प्रीमिअरमधील प्रोजेक्ट मॅनेजर किंवा रिझॉल्व्हमधील प्रोजेक्ट आर्काइव्ह चित्रणासह सारे एका जागी गोळा करतात, आणि काम हातावेगळे करताना तेच वापरावे. कार्ड फॉरमॅट होऊन त्यावर नवे चित्रण झाले असेल आणि दुसरी प्रत कोठेच नसेल, तर पुनर्जोडणीची कोणतीही चौकट ते चित्रण परत आणू शकत नाही.