भिरूड आणि लॅटिन नाव

गर्भगिरीच्या पायथ्याचा आमचा पाथर्डी तालुका कोरडा. दसरा-दिवाळी उलटली की कित्येक घरांना कुलपे लागतात आणि माणसे ऊसतोडीला निघतात. अशा मुलखात बाभळीइतका भरवशाचा सोबती दुसरा नाही. आमचे आबा सुतार. बैलगाडीचा तुंबा, आरे, जू, नांगर, सगळे ते बाभळीचेच घडवीत. तोडलेली ओंडकी मात्र ते महिना-दोन महिने पाण्यात बुडवून ठेवल्याखेरीज तासणीला घेत नसत. "नाहीतर भिरूड लागतो," एवढेच त्यांचे शास्त्र.

मी झालो शाळामास्तर, आणि तोही विज्ञानाचा. काही वर्षांपूर्वीच्या आषाढात, पहिल्या दमदार पावसानंतर, बांधावरच्या कोवळ्या बाभळीवर एक चांगला बोटभर लांबीचा भुंगेरा दिसला. रंग मातकट, मिशा लांबलचक, पाठ खरखरीत. पठ्ठ्या फांदीची साल कुरतडीत बसला होता. त्याच आठवड्यात आबांच्या लाकडांच्या ढिगाखाली पिठासारखा भुसा पडलेला आढळला. ओंडक्यावर टिकटिक केले तर गव्हाच्या दाण्याएवढा काळपट किडा बाहेर आला. डोके छातीच्या टोपड्याखाली लपलेले आणि मागचा भाग तासल्यासारखा उतरता, त्यावर दोन काटे!

दोन्ही किडे मी पुस्तकांत शोधले. सापडले नाहीत. मग काय विचारता! सापडले नाहीत त्या अर्थी नवेच असणार, असे मी ठरवून टाकले. नव्या जातीला माणसाचे नाव देता येते, हे वाचलेले होते. आबांच्या नावापुढे एक लॅटिन 'आय' लावला की झाले! थकलेल्या आबांना मी तसे सांगूनही बसलो. ते नुसते हसले, पण शेजारच्या चार जणांना त्यांनी ही बातमी सांगितल्याचे मला नंतर कळले.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही डब्या घेऊन पुणे गाठले. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र तिथे १९५९ पासून आहे, आणि कीटकांत आयुष्य घालवलेली माणसेही त्या शहरात आहेत. त्यांपैकी एका वयस्क अभ्यासकांकडे गेलो. त्यांनी मोठा भुंगेरा भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "गुरुजी, याचे बारसे अठराव्या शतकातच झाले आहे. सेलोस्टर्ना स्कॅब्रेटॉर. नाव दिले फॅब्रिशियसने, म्हणजे लिनियसच्या शिष्याने."

मग त्यांनी त्याचे चरित्रच सांगितले. मादी कोवळ्या खोडाच्या सालीत एकेक अंडे घालते. अळी खोड पोखरीत खाली मुळात उतरते आणि भुसा बुंध्याजवळच्या भोकातून बाहेर टाकते. पुढल्या पावसाळ्यात तिचा भुंगेरा होतो. हाच भिरूड आता महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांतही शिरला आहे. बाभूळ सोडून द्राक्षे! मला तर त्याची चैनच वाटली.

"आणि हा लहान?" मी विचारले. आता सारी भिस्त त्याच्यावर होती.

"नवी जात म्हणायला आधी सगळ्या जुन्या पाहाव्या लागतात," ते म्हणाले. प्राण्यांच्या नावांचा हिशोब लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. भुंगेऱ्यांच्याच सुमारे चार लाख जातींना नावे मिळाली आहेत. तेव्हा जवळच्या प्रत्येक जातीचे मूळ वर्णन वाचायचे, मग ते फ्रेंचमध्ये असो की लॅटिनमध्ये. शक्य तर मूळ नमुना पाहायचा. आपल्याकडच्या कित्येक किड्यांचे असे नमुने लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांत आहेत. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या जाती ओळखायला किड्याचा मागला भाग कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून मऊ मांस विरघळवायचे आणि नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. एवढे करूनही वेगळेपण उरले, तर वर्णन लिहायचे, चित्रे काढायची, एक नमुना 'होलोटाइप' म्हणून नेमायचा, त्याला लाल चिठ्ठी लावून तो संग्रहालयात ठेवायचा आणि लेख छापायचा. छापून प्रसिद्ध होईपर्यंत नाव हे नावच नव्हे.

बोलता बोलता त्यांनी मिशांची टोके मोजली, काटे पाहिले आणि हलकेच म्हणाले, "सायनोक्सायलॉन अनाले. पॅरिसच्या लेस्न यांनी १८९७ मध्ये नाव दिलेले. बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडातले पिठूळ सत्त्व याला हवे असते. लाकूड पाण्यात बुडवले की ते कमी होते. तुमचे वडील बरोबर करीत होते."

माझे तोंड उतरलेले त्यांना दिसले असावे. त्यांनी दोन्ही किडे टाचणीला लावले आणि माझ्यापुढे कोऱ्या चिठ्ठ्या सरकवल्या. "गाव, तारीख, झाड आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहा. याशिवाय किडा म्हणजे नुसती धूळ. पुढे कोणी नवी जात शोधील, तेव्हा त्याला याच चिठ्ठ्या चाळाव्या लागतील."

घरी आलो. आबांनी विचारले, "लागलं का रे नाव?"

"नाही आबा. दोघांचीही नावं आधीच ठेवलेली आहेत. ह्या बारक्याचं तर पॅरिसात."

आबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या लाकडातल्या किड्याची ओळख त्यांना आपल्याआधी होती म्हण की!"

"पण पाण्यात बुडवायचं कारण तुम्हांला त्यांच्याआधी ठाऊक होतं."

"कारण कुठलं ठाऊक? रीत ठाऊक होती," आबा म्हणाले. साठ वर्षे रंधा मारलेल्या माणसाने विज्ञानाच्या मास्तराला शिकवलेला हा धडा मी विसरलेलो नाही.

लहान किड्याच्या चिठ्ठीवर मी पुण्यातच बारीक अक्षरात लिहून आलो होतो: पाथर्डी, बाभूळ, आषाढातली ती तारीख. त्याखाली, गोळा करणारा म्हणून, मी माझे नाव लिहिले नाही. आबांचे लिहिले. लॅटिन 'आय' काही त्याला लागला नाही. पण पेटीत ते नाव आहे.