परदेशातली नात आणि विंझरची आजी

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींचा मुलगा-सून, लेक-जावई आज परदेशात आहेत? हात वर करा म्हटलं, तर बरेच हात वर होतील! एके काळी परदेशी जाणं ही पुण्या-मुंबईच्या ठरावीक घरांची गोष्ट होती. आता नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या विंझरसारख्या गावातलं घरसुद्धा जर्मनीत नाहीतर दुबईत पोचलेलं असतं.

माझी मावसबहीण विंझरची. तिचा मुलगा आणि सून जर्मनीत स्टुटगार्टला असतात. गेल्या मे महिन्यात ती दोघं चार वर्षांच्या लेकीला घेऊन तीन आठवड्यांसाठी आली. नात येणार म्हणून बहिणीने महिनाभर आधी तयारी मांडली होती. नाचणीचं सत्त्व झालं, मेतकूट झालं, पडवीत झोपाळा टांगून झाला. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नात म्हणायची, “आजी, कशी आहेस? मी छान आहे.” आम्हाला वाटायचं, पोर किती गोड मराठी बोलते! तिला तेवढी दोनच वाक्यं येतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

‘बाउख’ म्हणजे काय?

एके दिवशी मुलगा-सून बँकेच्या कामाला पुण्याला गेले. घरी आजी, नात आणि मी. सकाळभर पोरीने अर्धीकच्ची करवंदं खाल्ली होती. दुपारी ती पोटावर हात ठेवून रडायला लागली. “बाउख, बाउख,” एवढंच म्हणे.

“भूक लागली व्हय माझ्या बायला?” म्हणत आजी लगबगीने उठली. मऊ भात, वर तुपाची धार, मेतकूट कालवलं आणि भरवायला बसली. पोर तोंड फिरवी, रडे, पुन्हा ‘बाउख’ म्हणे. आजी म्हणे, “खा गं राजा, दोनच घास.” मीही शेजारी बसून चिऊ-काऊचे घास करत होते! शेवटी पोरीने सगळं उलटून टाकलं आणि मलूल होऊन पडून राहिली.

संध्याकाळी सून आली, तिने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “आई, बाउख म्हणजे पोट. पोट दुखतंय म्हणत होती ती!”

रात्री नसरापूरला डॉक्टरांना दाखवलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. साखर-मिठाचं पाणी घोट घोट दिलं, दुसऱ्या दिवशी पोर झोपाळ्यावर होती. पण बहिणीच्या डोळ्यांचं पाणी खळेना. “पोर दुखतंय दुखतंय म्हणत होती आन् मी तिच्या तोंडात घास कोंबत होते. माझ्याच नातीचं मला कळंना.”

आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची? सुनेची म्हणावी, तर तिची बाजूही ऐका. जर्मनीत मुलाला बालवाडीत घालताना एकदम सोडून येत नाहीत. सुरुवातीला आईने वर्गात बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास, असं हळूहळू मुलाला रुळवतात. तरी भाषा येत नाही म्हणून ही पोर रडायची. आईचा जीव तो! तिने घरातही जर्मन सुरू केलं आणि नवरा-बायको आपसात इंग्रजीवर आले. लेकीच्या भल्यासाठीच केलं, पण त्यात मराठी तेवढी सुटली.

खरं म्हणजे लहान मूल दोन-तीन भाषा एकदम सहज पेलतं. एका वाक्यात दोन भाषांची खिचडी केली, तर मूल गोंधळलं असं समजू नका. ती शिकण्याचीच पायरी आहे. बाहेरची भाषा ते बालवाडीत, शाळेत शिकणारच आहे. आपली भाषा मात्र तिथे आई-बाबांशिवाय त्याला कोण देणार?

रमाबाईंची मनोरमा

हा प्रश्न आजचा नाही बरं का! पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांच्या मांडीवर दोन वर्षांची मनोरमा होती. पती बिपिनबिहारी आदल्याच वर्षी गेलेले. विमान नव्हतं की फोन नव्हता. वाँटेज गावी सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या. तिथेच दोघी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू-शिकवू लागल्या.

सिस्टर मंडळींनी मनोरमेचं प्रेमाने केलं, यात शंका नाही. पण तिला काय शिकवायचं, कुठे वाढवायचं, यावरून रमाबाईंचे आणि त्यांचे खटके उडाले. धर्म बदलला तरी रमाबाईंनी लेकीवरचा हक्क सोडला नाही. आपली मुलगी आपल्याच माणसांत परकी होऊ नये, आपण हिंदुस्थानच्या आहोत हे सांगायला तिला लाज वाटू नये, असं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. ही सगळी पत्रं 1977 मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आहेत.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई मनोरमेला घेऊनच अमेरिकेला गेल्या. पुढे कामाच्या रगाड्यात लेकीला काही काळ परत इंग्लंडला ठेवावं लागलं. एवढ्या खंबीर बाईलाही सगळं जमलं नाही, हे लक्षात ठेवा आणि स्वतःला फार बोल लावून घेऊ नका. पण त्यांनी धागा तुटू दिला नाही. हीच मनोरमा मोठी होऊन आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याचं कामही तिने केलं.

भाषेचा रतीब

परदेशी असलेल्या मैत्रिणींनो, दुधाचा रतीब असतो तसा मराठीचा रतीब लावा. अंघोळ, जेवण आणि झोपताना मराठीच बोलायचं, असं ठरवलं तरी पुष्कळ झालं. गाणी-गोष्टी नंतर, आधी गरजेचे शब्द पक्के करा: दुखतंय, तहान, भूक, नको, शी, शू, भीती वाटते. डोकं, पोट, कान, घसा ही नावं बोट लावून म्हणवून घ्या. जवळ महाराष्ट्र मंडळ असेल तर जात जा. लंडनचं मंडळ 1932 पासूनचं आहे. उत्तर अमेरिकेत 1981 पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे आणि तिथे गावोगाव मराठी शाळा भरतात.

इथल्या आज्यांनो, तुम्हीही व्हिडिओ कॉलवर “कशी आहेस?” एवढ्यावर थांबू नका. वाटी दाखवा, मांजर दाखवा, भाकरी थापताना दाखवा. “हे काय?” म्हणून विचारा. आणि नातवंडांची तिकडची चार नावं तुम्हीही शिकून घ्या. त्यात कमीपणा कसला?

प्रवासाला निघताना

● तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तारीख आधी बघा, मग तिकीट काढा.

● आई-बाबा भारतीय नागरिक असतील आणि मूल परदेशात जन्मलं, तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करा.

● लसींचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव देशागणिक बदलतं.

● विमान चढता-उतरताना मुलाच्या कानाला दडे बसतात. तेव्हा बाळाला अंगावर घ्या, मोठ्याला घोट घोट पाणी द्या.

● जर्मनीची वेळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास. आल्यावर दोन-तीन दिवस मुलाच्या झोपेला द्या, लगेच देवदर्शन आणि पाहुणे काढू नका.

● परत जाताना खाऊ बांधताय? थांबा! युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. तूप, पेढे त्यातच आले. दुबई आणि सिंगापूरला खसखस चालत नाही, म्हणजे अनारसेही नकोत. भाजणी, मेतकूट द्यायचं तर तिथले नियम विचारूनच द्या.

विंझरहून निघायच्या दिवशी बहिणीने तुपाची बरणी पिशवीतून काढून परत फडताळात ठेवली. जीवावर आलं होतं तिच्या. नात गाडीत बसायला तयार होईना. आजीच्या पदराला धरून म्हणाली, “आजी, नको. दुखतंय.”

आजीने घाईने विचारलं, “कुठं गं? पोटात?”

पोरीने मान हलवली. कुठे दुखतंय त्याचा शब्द अजून शिकायचा होता. पण या वेळी आजीला कळलं.