नाव वाचून बंद होणारे दार

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांचा एक तरी माणूस आज इंग्लंडात आहे. कुणाची बहीण परिचारिका म्हणून गेली, कुणाचा भाचा हिशेबनीस झाला, कुणाची मुलगी शिकायला गेली ती तेथेच राहिली. ही मंडळी सुट्टीत मॉरिशसला येतात तेव्हा घराचे, पगाराचे, आगगाडीचे कौतुक सांगतात. पण ‘तेथे तुम्हाला परके म्हणून वागवतात का?’ असे विचारले, की बहुतेक जण हसून विषय बदलतात. हा विषय बदलू नये असे आम्हाला वाटते. म्हणून लंडनच्या वायव्येस असलेल्या पिनर या उपनगराच्या निमित्ताने आज त्याविषयी लिहीत आहोत.

पिनर हे मूळचे खेडेगाव. मुख्य रस्त्याच्या चढावर उभे असलेले तेथील जुने चर्च १३२१ सालचे. गावच्या जत्रेला राजा तिसरा एडवर्ड याने १३३६ साली सनद दिली, आणि ही जत्रा आजही भररस्त्यात भरते. १८८५ साली मेट्रोपॉलिटन रेल्वे येथवर आली. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शेते गेली आणि बागेसहित दुमजली घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. म्हणजे आज पिनरचे जे जुने रहिवासी म्हणवतात, त्यांतील अनेकांचे आजोबाही बाहेरूनच आले होते. पुढे ज्यू कुटुंबे आली, त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. त्यांच्यामागून आपली हिंदी माणसे आली.

ही माणसे बहुतांशी पूर्व आफ्रिकेतून आली. केनियातील हिंदी लोकांपाशी ब्रिटिश पारपत्रे होती. ती घेऊन ते इंग्लंडला येऊ लागताच तेथील सरकारने घाईघाईने कायदा केला. ज्याचा बाप किंवा आजा ब्रिटनचा, त्याला दार मोकळे. इतरांना परवान्याची अट. पारपत्र एकच, पण माणसांचे प्रकार दोन. हा कायदा १ मार्च १९६८ रोजी झाला, म्हणजे आपल्या बेटाच्या स्वातंत्र्याच्या अवघे अकरा दिवस आधी. पुढे १९७२ साली इदी अमीनने युगांडातील हिंदी लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा सुमारे अठ्ठावीस हजार लोक ब्रिटनमध्ये पोहोचले. यांतीलच अनेकांनी हॅरो भागात घरे केली. पिनर ज्या हॅरो नगरपालिकेत मोडते, तेथे २०२१ च्या जनगणनेत सुमारे ४५ टक्के लोक आशियाई वंशाचे निघाले, आणि दर चार माणसांत एक हिंदू.

मग तेथे भेदभाव संपला काय? हा प्रश्न आम्ही पिनरला राहणाऱ्या आमच्या आत्यांना विचारला. त्या १९७१ साली परिचारिकेचे शिक्षण घ्यायला गेल्या. त्या म्हणाल्या, “मला कुणी शिवी दिली नाही. फक्त एका कागदावर सही घेतली.” तो कागद कसला, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी परिचारिकांचे अभ्यासक्रम दोन होते. तीन वर्षांचा शिकणारी पुढे मुख्य परिचारिका होऊ शके. दोन वर्षांचा शिकणारी कायम दुय्यम राही, आणि ब्रिटनबाहेर अनेक देशांत तिच्या प्रमाणपत्राला मान्यता नसे. आपल्या बेटावरून, कॅरिबियन बेटांतून, आफ्रिकेतून गेलेल्या कित्येक मुलींना फरक न सांगताच दुसऱ्या अभ्यासक्रमाला बसवले गेले. आमच्या आत्यांना हे दीड वर्षाने कळले. त्यांच्याबरोबर दाखल झालेल्या दोन इंग्रज मुली तीन वर्षांच्या वर्गात होत्या.

याला आपल्याकडे ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ म्हणतात. उघड अपमान दिसतो, त्याच्याशी भांडता येते. सभ्यपणे केलेला भेदभाव दिसतच नाही. तो शोधून काढावा लागतो. इंग्लंडातील काही अभ्यासकांनी तो शोधला, हे त्या देशाच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नोकरी आणि घर मागायला तीन प्रकारची माणसे पाठवली होती: एक इंग्रज, एक हंगेरियन गोरा आणि एक काळा किंवा आशियाई. हंगेरियन माणूसही परकाच होता, पण सर्वांत जास्त नकार तिसऱ्याला मिळाले. परकेपणापेक्षा रंगाचा अडसर मोठा, हे त्यातून सिद्ध झाले. १९६५ चा कायदा केवळ सार्वजनिक जागांपुरता होता. या पाहणीनंतर १९६८ च्या कायद्याने नोकरी व घर यांतही भेदभावाला बंदी केली. १९७६ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले: नियम वरवर सर्वांना सारखा, पण त्याचा भार एकाच समाजावर पडत असेल, तर तोही भेदभाव ठरला. बर्मिंगहॅमच्या एका शाळेने शीख मुलाला पगडी काढून केस कापायला सांगितले, तेव्हा १९८३ साली सर्वोच्च पातळीवर निकाल मुलाच्या बाजूने लागला, तो याच कायद्याने.

कायदा असला तरी उभे राहणारे माणूस लागते. पिनरपासून काही मैलांवर, विल्सडेन भागात, ग्रनविक नावाचा छायाचित्रे धुण्याचा कारखाना होता. तेथे बहुसंख्य कामगार पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती स्त्रिया. आधीच घर सोडावे लागलेल्या या बायका तुटपुंज्या पगारात निमूट राबतील, असा हिशेब होता. ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई काम सोडून बाहेर पडल्या. चार फूट दहा इंच उंचीच्या, साडी नेसलेल्या या बाईंच्या मागे १३७ कामगार उभे राहिले. पुढील वर्षी हजारो गोरे कामगार त्यांच्या पाठिंब्याला रस्त्यावर आले. चौकशी समितीने कामगारांना परत घ्या असे सांगितले, मालकाने ऐकले नाही. जुलै १९७८ मध्ये संप हरला. तरीही हिंदी बाई मुकाट सोसते, हा समज तेथे कायमचा मोडला.

आणि आज? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी मालकांकडे सुमारे ३,२०० बनावट अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखाच. फरक अर्जदाराच्या नावावरून दिसणाऱ्या वंशाचा. गोऱ्या ब्रिटिश अर्जदारांना १०० पैकी २४ वेळा होकारार्थी उत्तर आले, अल्पसंख्य नावांना १५ वेळा. म्हणजे एकाने दहा अर्ज करावेत, तर दुसऱ्याने तितक्याच उत्तरांसाठी सोळा. नाव वाचूनच दार बंद होते. आत काय योग्यता आहे, हे पाहिलेच जात नाही.

नावाचे दुःख आपल्याला नवे नाही. आपले पूर्वज जहाजातून उतरले तेव्हा कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. बापाचे नाव मुलाचे आडनाव झाले. म्हणूनच आपल्याकडून अधिक अपेक्षा आहे. पण आपण काय करतो? आज आपल्या बेटावर कापड गिरण्यांत आणि बांधकामांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर येथून आलेले कामगार राबतात. त्यांची नावे आपल्यापैकी किती जण विचारतात? ‘तो बांगलादेशी’ एवढ्यावर भागते. चागोस बेटांवरून १९६८ ते १९७३ च्या दरम्यान हाकललेले लोक पोर्ट लुईत आले, तेव्हा त्यांनाही आपल्या लोकांनी जवळ केले नाही. इंग्लंडातही हिंदी कुटुंबे निर्दोष नाहीत. बिहारहून मोलकरीण म्हणून नेलेल्या एका आदिवासी बाईला तेथील हिंदी वंशाच्या घराने साडेचार वर्षे तासाला काही पेन्सांवर राबवले. २०१५ साली न्यायाधिकरणाने तिला १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम द्यायला लावली. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही रीत आपण समुद्रापार नेली आहे.

यासाठी आमची पालकांना दोन गोष्टींची विनंती आहे. मुले इंग्लंडला निघाली की त्यांना सांगा: नाव बदलू नका, सही करण्यापूर्वी कागद वाचा, अन्याय वाटला तर तारीख लिहून पत्रे जपून ठेवा आणि मुदत संपण्यापूर्वी कामगार संघटनेचा सल्ला घ्या. आणि जी मुले येथेच आहेत त्यांना हे सांगा, की २००८ चा समान संधी कायदा आपल्या देशातही आहे, आणि तो शेजारच्या वसतिगृहात राहणाऱ्या कामगारालाही आपल्याइतकाच लागू आहे. त्या कामगाराचे नाव विचारून घ्या, आणि त्याला त्या नावाने हाक मारा.