वाचा गेली, बुद्धी नव्हे



आमच्या बऱ्हाणपुरातील बुधवाऱ्यात एक वृद्ध गृहस्थ राहत असत. एके सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि वाचा बंद पडली. पुढे ते हिंडूफिरू लागले; परंतु 'हां, हां' यापलीकडे शब्द उमटेना. 'काकांची बुद्धी गेली,' असे समजून सर्वांनी त्यांना काही विचारणेच सोडून दिले. मीही त्यांतलाच. एकदा त्यांच्या मुलाशी घरपट्टीबद्दल बोलताना मी चार हप्त्यांऐवजी तीन म्हणालो. तोच काकांनी डाव्या हाताची चार बोटे वर केली! मी खजील झालो. गेली होती ती वाचा, बुद्धी नव्हे. असे का घडते, तेच आज पाहावयाचे आहे.

मेंदू हा एकजिनसी गोळा नव्हे. त्याच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे असतात, आणि ती कामे करताना ते भाग एकमेकांशी सतत संधान राखून असतात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला. हा रुग्ण इतरांचे बोलणे समजे. पण स्वतः 'तां' एवढाच उच्चार करू शके. त्याच्या मेंदूचा डाव्या बाजूचा पुढील भाग नष्ट झालेला आढळला. १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने याच्या उलट प्रकार वर्णिला. डाव्या बाजूचाच, पण अधिक मागचा भाग बिघडला, तर रुग्ण भराभर बोलतो, परंतु त्यात अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. मेंदूतून स्नायूंकडे जाणारे बहुतेक मज्जातंतू खाली बाजू बदलतात. म्हणूनच डाव्या मेंदूस इजा झाली की उजवा हात लुळा पडतो.

ही इजा होते कशी? आपला कुंडी भांडारा आठवा. जमिनीखालच्या एकाच बोगद्याने शंभराहून अधिक कुंड्या जोडलेल्या आहेत. बोगदा मध्येच बुजला, तर त्यापुढील कुंड्या कोरड्या पडतील, मागील भरलेल्या राहतील. रक्तवाहिनीत गुठळी अडकली म्हणजे तसेच होते. त्या वाहिनीवर पोसणारा भाग तेवढा मरू लागतो. कधी वाहिनी फुटून रक्तस्रावही होतो.

रक्त अडल्यानेच मेंदूचा भाग निकामी होतो असे मात्र नाही. आनुवंशिक दोषानेही ठरावीक पेशी झिजतात. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. स्वामी यांनी १९७१ साली नऊ कुटुंबांतील अशा एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांचा तोल जाई, आणि त्यांची नजर एका वस्तूवरून दुसरीवर जाताना विलक्षण मंद होई. तोल सांभाळतो लहान मेंदू; नजर झटकन फिरविण्याचा हुकूम सुटतो मेंदूच्या देठातून. म्हणजे केवळ डोळ्यांची हालचाल पाहून रोग कोठवर पोचला, याचा माग लागला. अशा विकाराच्या एका प्रमुख प्रकाराचे मूळ बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे, हे १९९६ साली निश्चित झाले.

या ज्ञानाचा आपणांस उपयोग काय? चेहरा एका बाजूस ओघळला, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, यांपैकी एक चिन्ह जरी अकस्मात दिसले, तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही रक्तस्राव नाही अशी सीटी स्कॅनने खात्री झाल्यावर. म्हणून घरी मनाने कोणतीही गोळी देऊ नये. गिळण्याची शक्तीही गेलेली असू शकते. तेव्हा पाणीसुद्धा पाजू नये.

आणि दुखणे ओसरल्यावर? रुग्णाजवळ बसावे. लहान वाक्यांत, सावकाश बोलावे; 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर खुणेने देता येईल असे प्रश्न विचारावेत, आणि त्या उत्तरासाठी थांबावे. वाचेचे दार बंद झाले, म्हणून घरात कोणी नाही असे समजू नये. काकांच्या त्या चार बोटांनी मला एवढे शिकविले.